मे महिन्यातलं वेरूळ, अजिंठा आणि मकबरा : घरच्यांचे फोटो काढतानाच्या प्रकल्प नोंदी

दर उन्हाळ्यात मी छत्रपती संभाजीनगरला माहेरी येते आणि आमची एखाद-दुसरी सहल ठरलेली असते. आतापर्यंतच्या सहलींचे फोटो मात्र अल्बममध्ये लावण्याजोगे नाहीत. डोळ्यांखाली काळ्या सावल्या, डोक्यावर टोपी असली की अर्धा चेहरा गायब, बाबांचे डोळे मिटलेले. आणि आई कुठल्याच फोटोत नाही, कारण पिशव्या, बाटल्या आणि चपला सांभाळायला ती बाजूला बसलेली असते. या वेळी ठरवलं की छापील अल्बम करायचा. अट एकच : प्रत्येक फोटोत प्रत्येकाचा चेहरा ओळखू आला पाहिजे आणि आई त्यात असली पाहिजे.

माणसं : आई, बाबा, दादा, वहिनी, चौदा वर्षांची भाची, सहा वर्षांचा भाचा आणि मी. साहित्य : २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा, १८-५५ झूम, ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), एक छोटा फ्लॅश, घडीचा ८० सेंटिमीटरचा रिफ्लेक्टर (चेहऱ्यावर उजेड परतवायचा पडदा) आणि दोन मोबाइल.

मे महिन्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन इकडे येणाऱ्या कुणालाही उपयोग व्हावा म्हणून हे लिहून ठेवते आहे.

११ मे, शनिवार

तयारी. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये परवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही. सगळ्यांचा फोटो घ्यायचा तर कॅमेरा धरणार कोण, हा प्रश्न उरतो. वाटेतल्या अनोळखी माणसाला विनंती केली की तो एकच फोटो काढतो, तोही पाय कापून. आईने जुन्या पँटच्या कापडाची हातभर पिशवी शिवून दिली आणि त्यात किलोभर ज्वारी भरली. कठड्यावर, पायरीवर, दगडावर कुठेही ठेवली की कॅमेरा तिच्यात रुतून बसतो आणि हवा तसा तिरका करता येतो. गच्चीच्या कठड्यावर तपासून पाहिलं. सेल्फ टायमरपेक्षा इंटरव्हल बरा : दर दोन सेकंदांनी एक फोटो, असे वीस. मला पळत जाऊन उभं राहावं लागत नाही आणि भाच्याला “आता झालं का?” विचारायला वेळ मिळत नाही. वीसमधल्या तीन-चार फोटोंत सगळ्यांचे डोळे उघडे असतात.

पिशवी पूर्ण भरायची नाही. पहिल्यांदा ठासून भरली तेव्हा ती चेंडूसारखी गोल झाली आणि कॅमेरा घसरला. दोन तृतीयांश भरली की जमते.

१२ मे, रविवार : बीबी का मकबरा

सकाळी सातला पोहोचलो. ऊन कोवळं, गर्दी नाही, समोर पाण्याचा लांब पाट. सगळं अनुकूल वाटत होतं, पण मकबऱ्याची दर्शनी बाजू पूर्ण सावलीत होती. घुमटाच्या उजव्या कडेवर तेवढी उन्हाची पट्टी. मागचं आकाश लखलखीत. माणसांना पाटाच्या कडेला उभं केलं तर एका गालावर ऊन, दुसरा गाल काळा.

तासभर थांबलो की ऊन समोर येईल असं वाटलं. नऊपर्यंत थांबलो. ऊन वर चढलं, समोर आलं नाही. तोवर भाचा कंटाळला, बाबांना पायऱ्यांवरच बसायचं होतं आणि वहिनीच्या मोबाइलवर तापल्याची सूचना येऊन स्क्रीन मंद झाली. आयफोनसारख्या फोनना ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगितलेलं असतं. इथे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. फोन उन्हात हातात धरून ठेवला की आधी स्क्रीन मंद होते, मग कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद पडतो. तेव्हापासून मोबाइल आईच्या कापडी पिशवीत, पाण्याच्या बाटलीला खेटून.

आणखी एक अडचण लगेच कळली. मकबऱ्याचा घुमट आणि भिंतींचा खालचा पट्टा संगमरवरी, बाकीचं काम गिलाव्याचं. पण कॅमेऱ्याला सगळंच पांढरं. तो त्या पांढऱ्याला करडं करू पाहतो आणि माणसं सावळी होतात. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) अधिक एक केलं तेव्हा चेहरे जागेवर आले.

फिल फ्लॅशही, म्हणजे चेहऱ्यावरच्या सावल्या भरून काढायला उन्हात उडवायचा फ्लॅश, वापरून पाहिला. भर उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/२५० सेकंद ठेवलं तर अपर्चर (लेन्सचं भोक) एफ १० च्या आसपास येतं. माझ्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, २०. त्याला एफच्या आकड्याने भागलं की फ्लॅश किती लांब पोहोचतो ते कळतं. वीस भागिले दहा, म्हणजे दोन मीटर. दोन मीटरवरून एका माणसाचा फोटो छान येतो. सात माणसं मावायला चार मीटर मागे जावं लागतं आणि तिथून फ्लॅश पोहोचत नाही. उन्हातल्या घरच्या फोटोंसाठी छोटा फ्लॅश घेऊन जायचा खटाटोप करू नये. एकेकट्याच्या फोटोसाठी घ्यायचा असेल तर घ्यावा.

आजचं मिळकतीचं खातं : भाचीचा एक चांगला फोटो आणि उन्हात गेलेले दोन तास.

१३ मे, सोमवार

घरीच. काल ऊन समोर का आलं नाही ते शोधलं, कारण हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नव्हतं.

मकबऱ्याचं मुख्य प्रवेशद्वार दक्षिणेला आहे आणि आपण नेहमी जो फोटो पाहतो तो दक्षिणेकडून घेतलेला असतो. शहर साधारण १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यात सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, जवळजवळ डोक्यावरून जातो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. दक्षिणेकडे तो फारसा वळतच नाही. १९ मेच्या सुमारास इथे शून्य सावली दिवस असतो. त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धात सूर्य पुन्हा डोक्यावर येईपर्यंत तो दिवसभर उत्तरेलाच राहतो. म्हणजे या काळात दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर सकाळी, दुपारी किंवा संध्याकाळी सरळ ऊन पडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत उजळलेला दिसतो तोच दर्शनी भाग मे महिन्यात सावलीत असतो.

यावरून पुढची आखणी केली. प्रत्येक ठिकाणाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते मोबाइलच्या होकायंत्रात आणि नकाशात पाहून वहीत मांडलं. वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिम कड्यात आहेत, तोंडं पश्चिमेला : सकाळी सावली, दुपारनंतर ऊन. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाच्या आकाराच्या वळणावर, त्यामुळे एका लेण्याचा नियम दुसऱ्याला लागू नाही. आणि चेहऱ्यांसाठी आता सगळीकडे सावलीच शोधायची, ऊन नाही.

दादाने विचारलं, “मग सहलीला जायचं कशाला, व्हरांड्यातच काढ ना.” खरं तर व्हरांडाच शोधत होते, फक्त लेण्यातला.

१४ मे, मंगळवार : देवगिरी

मंगळवारी वेरूळ बंद असतं, सोमवारी अजिंठा. बाहेरून येणाऱ्यांच्या सहली इथेच फसतात. म्हणून आज किल्ला.

आई-बाबा वर चढणार नव्हते, तेव्हा खालच्या भागातच थांबलो. भारतमाता मंदिराच्या चौकाभोवतीच्या खांबांच्या ओळीत चांगली सावली मिळाली आणि समोरच्या फरसबंदीवरून उजेड परतून चेहऱ्यांवर येत होता. रिफ्लेक्टर काढायची गरज पडली नाही. बाबा खांबाला टेकून बसले, गॉगल काढला आणि डोळे न मिटता बोलत राहिले. त्यांचा इतका मोकळा फोटो आमच्याकडे नव्हता. गॉगल काढा असं सांगावंही लागलं नाही. सावलीत त्यांना तो लागतच नव्हता.

अंधारी नावाच्या भुयारी वाटेत दादा आणि भाची जाऊन आले. तिथे फोटोचा नाद सोडावा. अंधार, वटवाघळं आणि ओबडधोबड पायऱ्या. हात मोकळे हवेत.

बिघडलं ते असं : चांद मिनारपाशी लेन्स बदलली आणि वाऱ्याबरोबर धूळ आत गेली. घरी आल्यावर एफ ११ वर घेतलेल्या प्रत्येक आकाशात एकाच जागी तीन करडे ठिपके. फुंकणीने दोन गेले, तिसरा चिकटला. तो आता प्रत्येक फोटोतून हाताने पुसावा लागणार. यापुढे बाहेर लेन्स बदलणे बंद. सकाळी जी लावली तीच दिवसभर. फार तर गाडीत बसून, काचा वर करून बदलायची.

१५ मे, बुधवार : वेरूळ, सकाळ

शहरापासून साधारण तीस किलोमीटर. लेणी उजाडताच उघडतात, म्हणून पहाटे पाचला निघालो. तिकीट मोठ्यांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही.

थेट १६ नंबरच्या कैलास लेण्यात गेलो. पूर्वेचा कडा उंच असल्यामुळे सकाळी सगळा चौक सावलीत असतो आणि वरच्या उघड्या आकाशाचा मऊ उजेड आत उतरतो. माणसांच्या फोटोंसाठी याहून चांगली जागा या जिल्ह्यात मला माहीत नाही. चौकाची लांबी ऐंशी मीटरच्या वर, रुंदी पंचेचाळीसच्या आसपास; मागची कातळभिंत तीस मीटरहून उंच. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी, आठव्या शतकाशी, हे काम जोडलं जातं. कातळ वरून खाली कोरत आणलेला. एवढी जागा असली की माणसं लहान दिसतात, आणि तीच आजची पहिली अडचण ठरली. पूर्ण देऊळ चौकटीत घेतलं तर आईचा चेहरा तांदळाएवढा. चेहरा मोठा घेतला तर कैलास ओळखू येत नाही.

वेगवेगळ्या जागा करून पाहिल्या. शेवटी जमलं ते दोन पद्धतींनी. एक, पूर्ण देवळाचा नाद सोडून ओळखू येईल असा एकच भाग घ्यायचा : पायथ्याच्या हत्तींची रांग, ध्वजस्तंभाचा बुंधा, रावण कैलास हलवतो त्या शिल्पासमोरची मोकळी जागा. माणसं हत्तींच्या उंचीची दिसतात, चेहरे मोठे राहतात आणि ठिकाण कुणीही ओळखेल. दोन, माणसांना कॅमेऱ्याजवळ, दोन-अडीच मीटरवर उभं करायचं, देऊळ मागे लांब ठेवायचं आणि एफ ८ वर दोन्ही स्पष्ट ठेवायचं. सगळ्यांना देवळाला टेकून उभं करायची जी सवय आहे ती मोडायला वेळ लागला. बाबा पुन्हा पुन्हा मागे सरकत होते. “देऊळ दिसायला नको का?” त्यांना स्क्रीनवर दाखवलं तेव्हा पटलं.

इथला बेसाल्ट काळपट. मकबऱ्याच्या बरोबर उलट होतं : कॅमेरा काळ्याला करडं करायला जातो आणि चेहरे पांढरेफटक पडतात. इथे एक्स्पोजर उणे दोन तृतीयांश. शिवाय उघड्या आकाशाची सावली निळसर असते. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ‘शेड’ वर ठेवला तेव्हा आईची पिवळी साडी पिवळी आली. ऑटोवर ती हिरवट येत होती.

भाच्याचा पोपटी टी-शर्ट मात्र सुधारता आला नाही. त्याच्या हनुवटीवर आणि शेजारी बसलेल्या वहिनीच्या गालावर हिरवी झाक आली. मऊ उजेडात भडक कपड्यांचा रंग जवळच्या कातडीवर उतरतो. सकाळी निघताना सगळ्यांचे कपडे एकदा पाहून घ्यावेत. पांढरा, फिका पिवळा, विटकरी चालतो, पोपटी आणि चमकता गुलाबी नको.

ज्वारीची पिशवी सुरक्षारक्षकाने हातात घेऊन दाबून पाहिली, आत काय आहे ते विचारलं आणि परत दिली. एका पायरीवर ती ठेवून सात जणांचा फोटो झाला. कोरीव भागावर काही ठेवायचं नाही, टेकायचं नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. आई या फोटोत मधोमध आहे. पिशव्या आम्ही कॅमेऱ्याच्या मागे ठेवल्या होत्या, तिच्या नजरेसमोर, म्हणून ती निर्धास्त उभी राहिली. ही युक्ती वहिनीची.

साडेनऊला चौकात ऊन उतरू लागलं तसं काम थांबवलं. १० नंबरच्या चैत्यात थोडा वेळ बसलो, मग घृष्णेश्वर. तिथे आत कॅमेरा-मोबाइल नेता येत नाही आणि गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. कॅमेरा गाडीत ठेवायचा तर ऊन, म्हणून मी आणि भाची बाहेर थांबलो, मग पाळीपाळीने गेलो. या अदलाबदलीला तासभर धरून ठेवावा.

१६ मे, गुरुवार

फोटो निवडायला बसले आणि सगळा क्रम उलटसुलट. वहिनीच्या मोबाइलवरचे कैलासचे फोटो सकाळी सातचे, माझ्या कॅमेऱ्यातले त्याच वेळचे पहाटे साडेतीनचे. मी जर्मनीहून आले होते आणि कॅमेऱ्यात तिथली उन्हाळी वेळ तशीच होती. ती भारतीय वेळेपेक्षा साडेतीन तास मागे असते. मोबाइल नेटवर्कवरून आपली वेळ बदलतो, कॅमेरा बदलत नाही.

एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने सगळ्या फाइलींच्या तारीख-वेळेत एकदम साडेतीन तास मिळवता येतात. आधी चार फाइलींची नक्कल करून त्यांच्यावर करून पाहिलं, मग सगळ्यांवर. पाच मिनिटांचं काम आहे, पण शोधाशोध आणि तपासणी धरून अर्धा दिवस गेला. परगावाहून येणाऱ्यांनी विमानातून उतरल्यावर पहिलं काम कॅमेऱ्याचं घड्याळ लावायचं. आणि सगळ्यांच्या मोबाइलवर दिसणाऱ्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्याने घ्यावा. पुढे फरक पडलाच तर किती ते त्या फोटोवरून कळतं.

फाइली दोन ठिकाणी : दादाचा लॅपटॉप आणि माझी हार्ड डिस्क. दोन्हीकडे उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

१७ मे, शुक्रवार : वेरूळ, संध्याकाळ

फक्त दादा आणि मी. बुधवारी माणसं झाली, आज वास्तू. हे दोन्ही एकाच फेरीत करायचा हट्ट सोडल्यावर दोन्ही चांगलं होतं, आणि आई-बाबांना दुपारच्या उन्हात न्यावं लागत नाही. पेट्रोल आणि तिकिटं मात्र दुप्पट.

चारनंतर ऊन वायव्येच्या बाजूने येतं. कैलासच्या बाजूने डोंगरावर जाणाऱ्या पायवाटेने वर गेलो आणि दक्षिणेच्या कडेवरून खाली पाहिलं. शिखराचा पश्चिमेकडचा भाग उजळलेला, दक्षिणेचा सावलीत. त्यामुळे कोरीव कामाची खोली उठून दिसते. भर दुपारी हेच शिखर सपाट दिसतं. वरच्या कडेला जिथे कुंपण आहे तिथेच थांबायचं. कडा सरळ खाली उतरते आणि भुसभुशीत माती पायाखालून सरकते. मुलांना इथे आणू नये.

खाली येऊन पुन्हा १० नंबर, ज्याला सुतार लेणं म्हणतात. वरच्या माडीच्या खिडकीतून या वेळी आत पुष्कळ उजेड येतो आणि छताच्या कोरीव वासे-फासळ्या मोजता येतात. आयएसओ १६००, एफ ४, १/६०. बुधवारी सकाळी याच जागी ६४०० लागला होता.

१९ मे, रविवार : शून्य सावली

बाहेर गेलो नाही, तरी अल्बममधली दोन पानं आज मिळाली. सव्वाबाराला सगळे गच्चीवर. स्टीलचा पेला, भाच्याचं बॅटचं दांडकं आणि पाइपचा तुकडा उभे करून ठेवले. आपल्या रेखांशावर मध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता होत नाही. मे महिन्यात इथे ती १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास येते. वर्तमानपत्रात ‘दुपारी बारा’ वाचून गच्चीवर गेलेली माणसं थोडी सावली पाहून खाली उतरतात.

पाइपची सावली पाइपातच शिरली तेव्हा भाचा ओरडला, “आत्या, माझी पण गेली!” जिन्याच्या टाकीवरून, वरून खाली फोटो घेतला : सगळे गोलात उभे, पायाशी नाणंभर सावली. वरून घेतल्यामुळे या उन्हातसुद्धा चेहरे दिसतात, कारण सगळे वर बघतात. पण डोळ्यांवर थेट सूर्य येतो. म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून वर बघायचं, मी “आता” म्हणाले की डोळे उघडून लगेच माझ्याकडे बघायचं आणि पुन्हा मिटायचे. दोनदा केलं आणि थांबवलं. सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, हे आधी बजावलं होतं. बाबांना मी यात घेतलं नाही, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. ते दारातल्या सावलीत पेला धरून उभे आहेत आणि तो फोटो वेगळा आहे.

२१ मे, मंगळवार : अजिंठा

शंभर किलोमीटर. फर्दापूरच्या फाट्यावर खासगी गाडी ठेवावी लागते, तिथून लेण्यांपर्यंत बस. लेणी नऊला उघडतात, त्यामुळे कोवळं ऊन इथे मिळतच नाही.

सामान कमी केलं : फक्त ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स आणि ज्वारीची पिशवी. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मोबाइलचा फ्लॅश आपोआप उडू नये म्हणून बाहेरच सगळ्यांचे मोबाइल तपासून बंद केला. चपलाही बाहेर काढाव्या लागतात. तापलेल्या दगडावरून एका लेण्यातून दुसऱ्यात जाताना पाय पोळतात, तेव्हा मोजे बरोबर घ्यावेत. आम्ही घेतले होते आणि आईने दिवसभर आशीर्वाद दिले.

१ नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर घरच्यांचा फोटो घ्यायचा विचार होता. तो सोडला. आयएसओ ६४००, एफ १.८, १/३० वर चित्र हातात धरून येतं, पण त्यापुढे माणूस उभा केला की चित्रावरचा मंद दिवा त्याच्या पाठीवर आणि चेहरा अंधारात. मोबाइलच्या रात्रीच्या मोडला दोन-तीन सेकंद स्थिर उभं राहावं लागतं. मागे रांग असते आणि भाचा स्थिर राहत नाही. शिवाय तिथे मिळणारी काही मिनिटं आईने फोटोसाठी उभं राहण्यात घालवावीत हे बरं वाटलं नाही. तिला चित्र बघू दिलं. ती बघत असताना बाजूने घेतलेला फोटो, दाराकडून येणाऱ्या उजेडात, थोडा दाणेदार आहे. अल्बमच्या मुखपृष्ठासाठी मी तोच निवडला आहे.

इथलं सूत्र हेच : लेण्याच्या आत माणसांचे ठरवून फोटो नकोत. दारातून एक-दोन पावलं आत, ओवरीत, बाहेरचा उजेड चेहऱ्यावर येईल असं उभं करायचं. १९ नंबरच्या चैत्याची कोरीव दर्शनी बाजू मागे घेऊन दादा-वहिनीचा, आणि २६ नंबरमधला महापरिनिर्वाणाचा बुद्ध, साधारण सात मीटर लांबीचा, त्याच्या पायाशी उभी असलेली भाची. एवढं आकारमान माणसाशिवाय फोटोत कळत नाही.

१० नंबरमध्ये खांबावर जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८१९ साली कोरलेलं नाव शोधायला भाचीला फार उत्साह होता. पण आता ते जमिनीपासून बरंच वर आहे, कारण तो आला तेव्हा लेण्यात गाळ भरलेला होता. फोटोत ते वाचता येत नाही, तेव्हा वेळ घालवू नये.

बाबांसाठी डोली केली. “मला काय झालंय?” असं म्हणून त्यांनी आधी नकार दिला, पण १७ नंबरपर्यंत चालल्यावर स्वतःच बसले. डोलीत बसलेला फोटो नको म्हणाले, म्हणून काढला नाही. दुपारी एक वाजेपर्यंत सगळे थकले. समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटवरून नालाचा पूर्ण आकार घ्यायचा राहिला. दुपारी या उन्हात तिकडे कुणालाही नेणं बरोबर नव्हतं.

२३ मे, गुरुवार : पुन्हा मकबरा

दर्शनी बाजू सावलीतच असणार हे धरून गेलो आणि त्याचाच उपयोग केला. दक्षिणेच्या मुख्य दरवाजाच्या खोल कमानीत सगळ्यांना उभं केलं. मी बाहेर, कॅमेरा उत्तरेकडे, कमानीतून मागे मकबरा. माणसंही सावलीत आणि मकबऱ्याची समोरची बाजूही सावलीत, त्यामुळे दोघांचा उजेड जवळपास सारखा. बाहेरच्या अंगणातल्या फरशीवरून परतलेला उजेड चेहऱ्यांवर येतो. १२ तारखेला जे दोन तासांत जमलं नाही ते इथे दहा मिनिटांत झालं. आकाश पांढरं पडतं, पण कमानीने ते बहुतेक झाकलं जातं. दरवाजा उघडताच पोहोचायला हवं. साडेसातनंतर कमानीतून माणसांची ये-जा थांबत नाही आणि कुणाची वाट अडवून उभं राहणं चांगलं नाही.

मग मागे, उत्तरेच्या बाजूला गेलो. तिथे कुणी नव्हतं आणि सगळी भिंत उन्हात. नुसत्या मकबऱ्याचा फोटो तिकडून घेतला.

२६ मे, रविवार : छपाई

आधी नमुना म्हणून थोडे ४×६ छापून आणले. दोन गोष्टी बिघडल्या. मोबाइलचे फोटो ४:३ प्रमाणाचे असतात, ४×६ चा कागद ३:२. दुकानात मशीन वरचा-खालचा मिळून नववा भाग कापतं. दोन फोटोंत दादाच्या डोक्याचा वरचा भाग गेला. आता घरीच ३:२ मध्ये कापून देते आहे. दुसरं, मशीनच्या आपोआप सुधारणेमुळे सगळ्यांची कातडी उजळून गुलाबी झाली. बाबा म्हणाले, “हा मी नाही.” पुढच्या खेपेला “करेक्शन बंद ठेवा” असं पाकिटावर लिहून दिलं आणि रंग बरोबर आले.

स्क्रीनवर बरे दिसणारे सावलीतले फोटो कागदावर थोडे गडद येतात. लॅपटॉपची स्क्रीन अर्ध्यावर आणून पुन्हा पाहिले, चेहरे थोडे उचलले.

२८ मे, मंगळवार

चाळीस पानांचा, २०×२० सेंटिमीटरचा अल्बम छपाईला दिला. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) एका पानाच्या प्रत्येक बाजूला २३६२ पिक्सेल लागतात, त्यामुळे मोबाइलवरचे फोटोही पूर्ण पानभर चालले. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले चालत नाहीत, ते आकाराने लहान होऊन येतात. वहिनीकडून मूळ फाइली केबलने घेतल्या. खर्च : अल्बम २,८०० रुपये, नमुन्याचे आणि दुरुस्तीचे फोटो साडेतीनशे, रिफ्लेक्टर नऊशे. रिफ्लेक्टर एकदाही उघडला नाही; पांढरी चादर नेली असती तरी चाललं असतं.

पाटातल्या प्रतिबिंबासह मकबऱ्याची उजळलेली दर्शनी बाजू राहिली आहे. डिसेंबरमध्ये सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो, तेव्हा ते होईल. भाचीला जागा दाखवून ठेवली आहे, तिच्या मोबाइलमध्ये नोंद टाकली आहे : नाताळची सुट्टी, सकाळी साडेआठ, एक्स्पोजर अधिक एक, ज्वारीची पिशवी कपाटाच्या खालच्या कप्प्यात.